शेठच्या आईला चित्र काढून, बाबांना दोन वाक्यांत

पत्र थोडक्यात असं आहे. देवगड तालुक्यातल्या एक ताई आंबा कॅनिंगच्या कारखान्यात हिशेब बघतात. वडील ५८ वर्षांचे, ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. गेल्या वर्षी त्यांना बीपी असल्याचं कळलं. त्याच सुमारास कारखान्याच्या शेठच्या आईलाही तोच त्रास सुरू झाला. दोघांनाही एकाच डॉक्टरांकडे नेताना ताई सोबत होत्या. शेठच्या आईला डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं, कुठली गोळी कशासाठी ते सांगितलं, ‘काकी, काही शंका?’ असं विचारलं. वडिलांना पहिला प्रश्न होता, ‘काय रे, दारू घेतोस?’ मग ‘मीठ बंद, या गोळ्या चालू, महिन्याने ये.’ फी दोघांची सारखीच. गोळ्या संपल्या तशा वडिलांनी नव्या आणल्या नाहीत. ‘माका काय एक होना नाय, मग गोळये कित्याक?’ एप्रिलमध्ये बोटीवर घेरी आली म्हणून पुन्हा नेलं तर डॉक्टर चिडले, ‘तुम्हा लोकांना सांगून उपयोग नाही.’ तेव्हापासून वडील त्या दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. ‘पैशेवाल्यांका समजावन सांगतत, आमका नुसते गोळये दितत.’ शेठ म्हणतात, मी डॉक्टरांना फोन करतो. मुंबईचा भाऊ म्हणतो, इकडे घेऊन ये. ताई विचारतात: डॉक्टर बदलू, शेठना फोन करू देऊ, तक्रार करू, की आपल्यासारख्यांना एवढंच मिळायचं म्हणून गप्प बसू?

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक काम सांगते, ते याच आठवड्यात करा. तुमच्या पत्रावरून दिसतं की बाबा निदान एप्रिलपासून गोळीशिवाय आहेत. जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन त्यांचं बीपी मोजून घ्या आणि आकडा तारखेसकट लिहून ठेवा. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना जुना कागद दाखवून विचारा. जुन्या गोळ्या मनाने चालू करू नका. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा: तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, छातीत दुखून घाम फुटला, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

आता तुमच्या रागाबद्दल. तो खरा आहे आणि मला तो पटतो. चाळीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाला, मुलीच्या देखत, निम्म्या वयाच्या पोरासारखं ‘काय रे’ म्हणणं हे वाईटच. घाईत होते, मनाने चांगले आहेत, असं म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण तुम्ही जे पाहिलंत त्याचा जो अर्थ लावलात, त्यातल्या एकदोन गोष्टी मला पुन्हा तपासून बघाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट शेठच्या आईंची. त्यांना सगळं सांगितलं, हे तुम्ही बघितलंत. त्यांना सगळं समजलं, हे कोणी बघितलं? तुमचा त्यांच्या घरी राबता आहे, तर सहज विचारून बघा, काकी, ती सकाळची छोटी गोळी कशाची हो? डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतो, असं २००३ मधल्या एका संशोधन आढाव्यात म्हटलं आहे, आणि विसरणारे काही फक्त गरीबच नसतात. चित्र काढून, गोड बोलून सांगितलं तरी ऐकणारी बाई आधीच घाबरलेली असते, मध्येमध्ये इंग्रजी शब्द येतात, आणि ‘काही शंका?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं: ‘नाही, नाही, समजलं.’ तेव्हा त्यांना मिळालं आणि तुम्हाला मिळालं नाही, त्यात मान नक्कीच होता, वेळही होता. स्पष्टपणा किती होता ते मला ठाऊक नाही. आपण बाबांसाठी मागायचं ते स्पष्टपणा. मान तर मागावाही लागू नये.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. तुमच्या पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून गेला आहात की त्या दिवशी शेठ स्वतः आत होते आणि ‘ही गोळी आयुष्यभर का?’ असं त्यांनी विचारलं. चित्र त्यानंतर निघालं. बाबांच्या वेळी तुम्ही दोघं गप्प होतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी २००५ मध्ये या विषयावरच्या आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. खालच्या आर्थिक स्तरातल्या रुग्णांशी डॉक्टर जास्त हुकमी बोलतात, निर्णयात त्यांना कमी सामील करून घेतात, धीराचे शब्दही कमी बोलतात, असं त्यांना दिसलं. सोबत दुसरंही दिसलं: वरच्या स्तरातले लोक जास्त विचारतात, आपली भीती उघड बोलून दाखवतात, आणि डॉक्टर त्यानुसार बोलतात. जो विचारतो त्याला सांगितलं जातं. जो गप्प बसतो, त्याला कळलं किंवा त्याला कळून घ्यायचंच नाही, असं डॉक्टर धरून चालतात.

यात दोष बाबांच्या माथी येतो असं कृपा करून समजू नका. विचारायला काय लागतं ते आपल्याला माहीत आहे. बाहेर तीस माणसं ताटकळत बसलेली असतात. दुपारची एसटी चुकली तर रिक्षाला तीनशे रुपये जातात. ‘जास्त शहाणा आहेस का?’ असं ऐकावं लागेल ही धास्ती असते. आणि जास्त विचारलं तर आणखी चार तपासण्या लिहून देतील, ही भीती तर सगळ्यांत मोठी. शेठना यातलं काहीच वाटत नाही, म्हणून शेठ विचारू शकतात. शिवाय घाटावरून आलेल्या डॉक्टरला मालवणी कानावरून जाते, त्यामुळे बाबा सांगत होते त्यातलं निम्मं तिथेच हरवलं असणार.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. ६७ देशांतल्या प्राथमिक तपासणीचा वेळ मोजणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं मिळतात, बांगलादेशात ४८ सेकंद. आपलं टोक कुठलं ते कोकणातल्या कुठल्याही ओपीडीत अर्धा तास बसलं की कळतं. पण वेळ कमी म्हणून सगळ्यांनाच कमी मिळाला असता, तर तुमचं पत्र आलं नसतं. कमी वेळ असला की तो कोणावर खर्च करायचा हे मनाशी आपोआप ठरतं, आणि ते ठरतं कपड्यांवरून, बोलीवरून, सोबत कोण आलंय त्यावरून. डॉक्टरांनी स्वतःला हे विचारायला हवं, आणि माझी खात्री आहे की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना विचारल्यावर ते पटेल.

आता बाबांच्या बीपीकडे येऊ, कारण न समजावण्याने काय बिघडतं ते तिथेच दिसतं.

‘मीठ बंद.’ बाबांनी काय केलं असेल याचा मी अंदाज करू शकते. ताटात वरून मीठ घेणं बंद केलं असेल. घरात आमटीतही थोडं कमी पडत असेल. पण सध्या १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आहे, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत, आणि पावसाळ्यात देवगडच्या घरात जेवण कशावर असतं? सुक्या बांगड्यावर, सुकटीवर, खारवलेल्या मोरी माशावर. पेजेसोबत खारातली कैरी, भातावर सोलकढी, आणि ती ज्या आगळाची, त्यातही मीठ असतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही. खारवलेल्या माशाच्या दोन तुकड्यांत त्यातला मोठा वाटा संपून जातो. बाबांच्या लेखी त्यांनी सांगितलेलं पाळलं. डॉक्टरांच्या लेखी त्यांनी पाळलं नाही. ‘पावसात काय जेवता?’ हा एक प्रश्न विचारला असता तर दोघांचा राग वाचला असता. (खारा मासा सोडवतच नसेल तर रात्रभर पाण्यात भिजत घालून, पाणी दोनदा बदलून मगच शिजवा, आणि आठवड्यातून एखाद्या वेळीच. न खाणं अर्थातच जास्त बरं.)

दुसरं, ‘या गोळ्या चालू.’ किती दिवस, ते सांगितलं नाही. तापाची गोळी ताप उतरल्यावर बंद करतात, हे बाबांना आयुष्यभर माहीत आहे, तेच त्यांनी इथे केलं. बीपी वाढलेलं असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि गोळी बंद केल्यावर ते गुपचूप पुन्हा चढतं, ही एवढी एकच गोष्ट त्यांना कोणी सांगितली नाही. ती तुम्ही त्यांच्याच भाषेत सांगू शकता. बोटीचं इंजिन ठणठणीत चाललेलं असताना त्याचं ऑइल बदलतात की आवाज यायला लागल्यावर, असं त्यांना विचारा. उत्तर ते स्वतःच देतील. वारा, भरती-ओहोटी, डिझेलचा हिशेब डोक्यात ठेवून पंधरा वाव पाण्यात जाळं टाकणाऱ्या माणसाला वरचा आकडा आणि खालचा आकडा समजणार नाही, हे मला कोणी सांगू नये.

तिसरं, बाबा काय काम करतात हे डॉक्टरांनी विचारलंच नाही. तीन-तीन दिवस बोटीवर, जेवणाला वेळ नाही, झोपेला वेळ नाही. तिथे ‘सकाळी नाश्त्यानंतर’ याला काय अर्थ? बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. ती गोळी जाळं ओढायच्या वेळी कोण घेईल? घेरी आली ती गोळ्या बंद केल्यामुळे, उन्हामुळे, पाणी कमी प्यायल्यामुळे की आणखी कशामुळे, हे मी इथून सांगू शकत नाही. ते विचारूनच ठरतं, आणि तांडेलाला बोटीवर घेरी येणं ही चारपाच खलाशांच्या जिवाचीही गोष्ट आहे.

हे समजावून सांगणं म्हणजे डॉक्टरांचा उपकार नाही, तो उपचाराचाच भाग आहे. हे माझं मत आहेच, पण कायदाही तेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात म्हटलं की उपचार कशासाठी, कसे, त्यात धोके काय, दुसरे पर्याय कोणते, न केल्यास काय होईल, एवढी पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. औषधं शक्यतो जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या नव्हे तर औषधाच्या मूळ नावाने, वाचता येईल अशा अक्षरात लिहावीत आणि उपचाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत आहे. महाराष्ट्रात १४ जानेवारी २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर ती आहे का बघा. यात कुठेही रुग्णाच्या उत्पन्नाची अट नाही.

मग शेठचा फोन? माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका. शेठ मनापासून म्हणत असतील, त्यांच्याबद्दल शंका नाही. पण त्या फोनने बाबांना जे मिळेल ते शेठचा माणूस म्हणून मिळेल, आणि पुढच्या वेळी फोन नसेल तर पुन्हा तेच. शिवाय बाबांचं दुखणं, गोळ्या, दारूचा प्रश्न, हे सगळं तुमच्या मालकाच्या कानावर का जावं? आणि बाबांच्या मनातलं ‘पैशेवाल्यांकाच’ हे वाक्य त्या फोनने आणखी पक्कं होईल. उद्या जिवावर बेतलं, रात्रीत गाडी हवी झाली, तर मात्र कोणाचीही मदत संकोच न करता घ्या.

डॉक्टर बदलण्याआधी, बाबांची तयारी असेल तर, एकदा त्याच दवाखान्यात पुन्हा जाऊन बघावं असं मला वाटतं, पण तयारीने. बीपीचे लिहिलेले आकडे आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्या. शक्य असेल तर गर्दी ओसरल्यावरची वेळ मागून घ्या. आत गेल्यावर डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बाबा बसू देत, तुम्ही बाजूला. नाहीतर डॉक्टर तुमच्याशी बोलतात आणि बाबा तिथे असून नसल्यासारखे होतात. सुरुवात तुम्ही करा: ‘डॉक्टर, मागच्या वेळी गोळ्या बंद झाल्या, कारण त्या कायम घ्यायच्या असतात हे आम्हाला कळलं नव्हतं. आज ते नीट समजून घ्यायला आलोय.’ यात भांडण नाही, आणि खोटं तर काहीच नाही. मग बाबांचं काम सांगा, जेवण सांगा, दारू घेत असतील तर किती तेही सांगा. तो प्रश्न विचारायची पद्धत वाईट होती, पण औषधासाठी उत्तर लागतं. आणि पैशाचं मोकळेपणाने बोला: ‘महिन्याला इतकेच जमतात, त्यात बसेल असं द्या.’ आपण लाजेने गप्प बसतो आणि मग गोळी दिवसाआड खातो. उलट काही डॉक्टर मनातल्या मनात ठरवतात की यांना परवडणार नाही, आणि चांगला पर्याय सांगतच नाहीत. परवडतं की नाही ते आपल्याला ठरवू द्या, असं त्यांना म्हणायचा आपल्याला हक्क आहे. बीपीच्या नेहमीच्या कितीतरी गोळ्या जेनेरिकमध्ये अगदी स्वस्त मिळतात.

उठण्याआधी एक गोष्ट जरूर करा. ‘समजलं’ म्हणू नका. बाबांनी स्वतःच्या शब्दांत परत सांगावं: ‘म्हणजे ही गोळी रोज रात्री, बरा वाटला तरी बंद करूची नाय, सुका म्हावरा कमी, आणि असा असा झाला तर लगेच येवचा. बरोबर ना?’ चुकलं तर डॉक्टर तिथेच दुरुस्त करतील. याला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि मला माहीत असलेल्या सगळ्या उपायांत हाच सर्वांत खात्रीचा आहे. हे पत्र वाचणाऱ्या इतरांनीही, आई असो, सासरे असोत, शेजारची म्हातारी असो, एवढं एक करून बघावं. आत बोलायला जमलंच नाही, तर बाहेर सिस्टरना किंवा मेडिकलवाल्यांना पट्टी दाखवून तेच विचारा. त्यांना यात कमीपणा वाटत नाही.

‘काय रे’ पुन्हा झालं तर? तुम्ही शांतपणे म्हणा, ‘डॉक्टर, बाबा तुमच्यापेक्षा मोठे आहेत, त्यांच्याशी अहो-जाहो बोललात तर ते मोकळेपणाने सांगतील.’ हे म्हणायला धीर लागतो. तो एकवटला आणि तरीही डॉक्टर वरमले नाहीत, तर दुसरा डॉक्टर बघा. त्यात हरल्यासारखं काही नाही. कागद मात्र मागून घ्या, ते तुमचे आहेत.

दुसरा डॉक्टर म्हणजे लगेच मुंबई नव्हे. भावाची माया कळते, पण बीपी हे दर महिन्याचं दुखणं आहे, त्यासाठी कोकणकन्या पकडून जायचं कोणाला जमणार? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची तपासणी होते, गोळ्याही मिळतात, आणि मुख्य म्हणजे तिथल्या सिस्टर आणि आशाताई तुमची बोली बोलतात. गर्दी तिथेही असते, कधी औषध संपलेलं असतं, हे खरं. पण दर महिन्याला तोच चेहरा दिसला तर विचारणं सोपं जातं. पुढे मोठी तपासणी किंवा हृदयाची प्रक्रिया लागली, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा. रेशन कार्ड आणि आधार हाताशी ठेवा.

तक्रारीचं म्हणाल, तर आत्ता नको. कागद दिले नाहीत, पैसे घेऊन पावती दिली नाही, संमतीशिवाय काही केलं, अशा गोष्टींची लेखी तक्रार रुग्णालयाकडे आणि गरज पडल्यास महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जरूर करावी. अपमानाचीही करता येते. पण आत्ता तुमची ताकद बाबांचं बीपी खाली आणण्यात जाऊ दे. तक्रार नंतरही होऊ शकते.

हे सदर काही डॉक्टर वाचतात, त्यांच्यासाठी एक विनंती. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलण्याचं शिक्षण आलं आहे. त्याआधी शिकलेल्यांना ते कोणी शिकवलं नाही, यात त्यांचा दोष नाही. पण ‘यांना सांगून उपयोग नाही’ असं मनात आलं की एकदा थांबून विचारा, मागच्या वेळी काय सांगितलं होतं आणि यांना त्यातलं काय कळलं होतं?

ताई, १ ऑगस्टनंतर बोटी पुन्हा पाण्यात उतरतील, बाबा नारळी पौर्णिमेपर्यंत थांबले तरी हातात थोडेच दिवस आहेत. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ते येणार नाहीत. उपकेंद्रात नुसता आकडा बघायला चला म्हणा, जमलं तर त्यांच्या बोटीवरच्या दुसऱ्या एखाद्या खलाशालाही सोबत घ्या, दोघांचंही मोजून होईल. आकडा स्वतः बघितल्यावर पुढचं बोलणं ते तुमच्याशी स्वतःहून काढतील असं मला वाटतं. नाही काढलं, तर आठ दिवसांनी पुन्हा न्या आणि मला कळवा.